उतरंडीचं खालचं गाडगं

कनेरगाव नाका
२१ ऑगस्ट २०२२

माझी गुणाची सपना,

आईचा जयभीम. आधी जेवून घे, मग वाच.

हे पत्र माझ्या हातानं लिहिलेलं आहे, कोणाकडून लिहून घेतलेलं न्हाई. विहारात पल्लवी मॅडमचा वर्ग चालतो. आमी सगळ्या पिकल्या केसांच्या पोरी तिथं रोज पाटी घेऊन बसतो. मॅडम म्हणे पत्रात शुद्ध लिहावं. मी म्हणले, शुद्ध लिहिलं तर माझ्या लेकीला वाटंल हे मॅडमचंच पत्र आहे. मग त्या हसल्या.

तू दर रविवारी फोन करतेस, पण फोन पडला तुझ्या भावाचा. सुरज स्पीकर लावून अंगणात ठेवतो. तुझी वहिनी कोमल ऐकते, शेजारची शिला ऐकते, कधी कधी कोंबड्या बी ऐकतात. त्यात पैशाचं बोलावं कसं. सुरज वाईट न्हाई, पण त्याचा टेम्पो रोज काही ना काही मागतो. म्हणून पैशाचं आपण पत्रात बोलू.

तू दर महिन्याला दोन हजार पाठवतेस. मी ते बँकेच्या खात्यातून काढत न्हाई. मोहनसिंगच्या ढाब्यावर भाकरी थापते, त्यात माझं भागतं. तुझा बाप असता तर म्हणला असता, लेकीच्या घरचं पाणी बी जपून प्यावं. तुला राग येईल. तू म्हणशील, आपल्यात लेक अन् ल्योक सारखे. व्हय, सारखे. विहारात मी बी तेच म्हणते. पण घरी आलं की पोटात बसलेलं जुनं काही निघत न्हाई.

तर ते पैसे तिथं नुसते पडून आहेत. तू पुण्यात कारखान्याच्या बायांना पैसा कसा राखावा, कसा वाढवावा ते शिकवतेस म्हणे. मग मला बी शिकव. परक्या बायांना शिकवतेस, आईनंच काय तुझं घोडं मारलं?

तुझी आई,
सोजराबाई सोनाजी (सही माझी मीच केली आहे)


पुणे
४ सप्टेंबर २०२२

आई,

सपनाचा जयभीम. जेवले आणि मगच वाचलं. तुझं अक्षर मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर तुझा अंगठा असायचा आणि मी तो मैत्रिणींपासून लपवायचे. आज ऑफिसातल्या सगळ्यांना तुझी सही दाखवली.

आता शिकवणी. आजीच्या घरात कोपऱ्यात उतरंड होती, आठवते? एकावर एक गाडगी. सगळ्यात वर मीठ-मिरची, लागेल तेव्हा हात घालावा असं. मधे डाळी. आणि तळाच्या मोठ्या गाडग्यात बियाण्याची ज्वारी. घरात खायला नसलं तरी आजी खालच्या गाडग्याला हात लावू द्यायची नाही. पैशाचंही तसंच ठेवायचं. मी वर्गात हेच सांगते, आणि बायकांना ते पटकन कळतं.

तुझ्या मजुरीतून जे उरेल ते वरचं गाडगं. आजारपण, बाळंतपण, अडीनडी, सगळं त्यातून. तिथे हात घालायला लाज बाळगायची नाही. माझे दोन हजार म्हणजे खालचं गाडगं. हिंगोलीला बँकेत जा आणि तीन वर्षांची आवर्ती ठेव उघड. आवर्ती म्हणजे दर महिन्याला तेवढे पैसे आपोआप त्यात जाऊन पडतात. मुदत पुरी झाली की सगळे व्याजासकट मिळतात. त्याआधी मोडायची नाही. मोडली की व्याज जातं.

आणि हे पैसे तुझे. माझे नाहीत. ठेव तुझ्या नावावर. तीन वर्षांनी त्यातून नाक्यावर टिनाची शेड टाकू. मोहनसिंगकाकांच्या ढाब्यावर आयुष्यभर दुसऱ्याच्या चुलीशी बसायचं का? तुझी स्वतःची चूल असेल आणि वर तुझ्या नावाची पाटी.

तुझी,
सपना


कनेरगाव नाका
१६ ऑक्टोबर २०२२

माझी सपना,

आईचा जयभीम. काम फत्ते झालं.

हिंगोलीला एकटी गेले. बँकेतल्या साहेबानं माझ्याकडं नुसतं बघितलं अन् शाईचा डबा पुढं सरकवला. अंगठ्यासाठी. मी तो डबा तसाच मागं सरकवला अन् म्हणले, "साहेब, पेन द्या." त्यानं पेन दिला. मी अशी दाबून सही केली की खालच्या कागदावर बी उमटली. मागं रांग लागली होती, पण मी घाई न्हाई केली. इतकी वर्षं रांगेतच होते.

परत येताना जीपमध्ये शेडचाच विचार. पाटी मोठी करायची. पिवळ्या रंगावर निळी अक्षरं. दुसरं काही लिहू नको, नुसतं 'सोजराबाईची भाकर'. मला चुलीपुढं बसून वाचता आली पाहिजे एवढी मोठी कर. मोहनसिंगला अजून सांगितलं न्हाई. चांगला माणूस आहे, पण पोटाला चिमटा बसला की चांगला माणूस बी कुरकुरतो.

तू म्हणतेस पैसे माझे. बरं, कागदावर माझे. वाद नको.

दुसरं काही न्हाई, रात्री ढाब्यावरच्या दिव्यांभोवती रंगाची कडी दिसतात. इंद्रधनुष्यासारखी. लई छान दिसतं, पण मग कपाळ दुखतं. चुलीच्या धुरानं असंल. तू काळजी करू नको, दुधावरची साय खात जा. वाळली आहेस.

तुझी आई,
सोजराबाई


पुणे
१९ नोव्हेंबर २०२३

आई,

जयभीम. तुझी मधली पत्रं सगळी मिळाली. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. या वर्षी मला चार कारखान्यांचे वर्ग दिलेत. शनिवार-रविवारही जातो.

तुला एक गंमत सांगते. बँकेत शाईचा डबा मागे सरकवलास ते पत्र मी प्रत्येक वर्गात वाचून दाखवते. बायका टाळ्या वाजवतात. एकीने घरी जाऊन दुसऱ्या दिवशी स्वतःची ठेव उघडली. सगळ्या तुला 'उतरंडवाली आई' म्हणतात. माझ्या साहेबांनी तर तुला एकदा पुण्यात बोलवायचं ठरवलंय.

पण आता अक्षराकडे लक्ष दे बरं. सुरुवातीला कसं मोत्यासारखं होतं. आता ओळी चालल्या उजवीकडे वर, आणि मागच्या पत्रात दोन ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. घाई करतेस, दुसरं काय. वाचायला त्रास होत असेल तर चष्मा कर. वरच्या गाडग्यातून.

कोमलबद्दल लिहिलं होतंस की ती मुद्दाम तांब्या, पाट वाटेत ठेवते आणि तू अडखळतेस. आई, ती पोटुशी आहे. तिला वाकून वस्तू जागेवर ठेवायला होत नसेल. सासूपणा करू नकोस.

तुझी,
सपना


कनेरगाव नाका
२४ मार्च २०२४

माझी सपना,

आईचा जयभीम. बरं झालं तू कोमलचं लिहिलं. खरंच ती मुद्दाम ठेवत न्हाई. माझंच ध्यान नसतं. आजूबाजूचं काही डोळ्यातच शिरत न्हाई बघ, एकदम समोर आलं की कळतं. परवा शिला शेजारी येऊन उभी राहिली तरी मला पत्ता न्हाई. ती म्हणे, सोजराबाई लेकीच्या पैशानं गर्वाला आली.

तुला आत्या केलं. नात झाली. पोट फाडावं लागलं, दवाखान्यात बरेच दिवस राहावं लागलं. सुरजचं तोंड उतरलं होतं. मी वरचं गाडगं आणून त्याच्या पुढं उपडं केलं. सगळं. तू शिकवलं होतंस तसं, लाज न बाळगता. तो रडला. म्हणला, "आई, हे कवा जमवलंस?" मी म्हणले, तुझ्या बहिणीच्या शाळेत. वरचं गाडगं रिकामं झालं, पण बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली. आता ते पहिल्यापासून भरू.

चष्म्याचं म्हणलीस, तर नाक्यावर डोळ्याचं शिबिर आलं होतं. दाखवले. डॉक्टर पोरगाच होता. डोळ्यात औषध टाकून लई वेळ बघत बसला. नंबर लागला. चष्मा केला. काळजीचं काही न्हाई.

एक विचारायचं होतं. आमच्या वर्गातली एक बाई आहे, तिनं बी माझं बघून तशीच ठेव उघडली. आता तिला थोडी नड आली आहे. तिला मुदतीच्या आधी मोडली तर किती जातं? मला विचारत होती. मला सांगता आलं न्हाई. तू आकडा सांग, म्हणजे मी तिला बराबर सांगते.

तुझी आई,
सोजराबाई


पुणे
५ एप्रिल २०२४

आई,

जयभीम. आत्या झाले. फोटो पाहून पाहून मोबाइल गरम झालाय. आणि तू वरच्या गाडग्याचं जे केलंस ते मी आजच वर्गात सांगितलं. याला म्हणतात पैशाची शिस्त. शिकलेल्या लोकांना जमत नाही ते तुला जमलं.

आता त्या बाईंना माझा निरोप सांग. मोडू नका म्हणावं. नड प्रत्येकाला येते. आपण गरीब राहतो ते कमी कमावतो म्हणूनच नव्हे, मधेच मोडतो म्हणूनही राहतो. शेळी वितेपर्यंत थांबत नाही आणि विकून मोकळे होतो. आज एक नड भागते, उद्या दुसरी येते, आणि मग हातात ठेवही नाही आणि शिस्तही नाही. थोडी कळ काढा म्हणावं. दीड वर्ष निघालं, दीड वर्ष राहिलं. बियाणं खाऊ नका. तू त्यांना आपल्या उतरंडीचं सांग, तुझ्याकडून ऐकतील.

या जयंतीला येणं जमत नाही गं. तेव्हाच एका मोठ्या कंपनीचा वर्ग आहे. पुढच्या वर्षी नक्की.

तुझी,
सपना


कनेरगाव नाका
२८ एप्रिल २०२४

माझी सपना,

आईचा जयभीम. त्या बाईला तुझा निरोप सांगितला. ती न्हाई मोडत.

छकुली हसायला लागली. कोमलसारखी दिसते, नाक मात्र तुझं आहे. तू येशील तेव्हा बघशील. शक्यतो लवकर ये.

आज एवढंच. कपाळ दुखून राहिलं.

तुझी आई


पुणे
२० एप्रिल २०२५

आई,

जयभीम. नीट पोहोचले. एकच रात्र राहिले म्हणून तू रुसली नाहीस, याचंच मला जास्त वाईट वाटतंय.

तू सारखी म्हणत होतीस, "बाजूला नको, समोर बस, तोंड बघू दे." मी शेजारी बसले की हाताला धरून समोर बसवायचीस, आणि लहान मूल खेळण्याकडे बघतं तसं बघत राहायचीस. मला हसू येत होतं. चहा बशीत ओतताना जमिनीवर ओतलास तेव्हा तर आपण दोघी पोट धरून हसलो.

एक बरं झालं. मोहनसिंगकाकांनी दुसरी बाई लावली आणि तुला आराम मिळाला. मी म्हणतच होते, आता बस कर ते धुरात बसणं. ऑक्टोबरमध्ये मुदत संपते. पाटी रंगवणारा मी बघून ठेवलाय. पिवळ्यावर निळी अक्षरं. विसरले नाहीये.

पत्रं का बंद केलीस? वर्षभरात दोनच आली, तीही चार ओळींची. आळशी झालीस, तुझ्या मॅडमना सांगायला पाहिजे.

तुझी,
सपना


कनेरगाव नाका
२ नोव्हेंबर २०२५

सपनाताई,

कोमलचा जयभीम. माझं पत्र बघून दचकाल. आत्यांनी, म्हणजे तुमच्या आईंनी, तुम्हाला काही कळवू नको म्हणून शपथ घातली होती. ती मोडून लिहीत आहे. फोनवर सांगता आलं नसतं. दिसत नाही तेव्हापासून त्यांचे कान फार तिखट झालेत, अंगणात कुजबुजलं तरी आत कळतं.

ताई, आत्यांना दिसत नाही. उजवा डोळा पूर्ण गेला. डाव्यातून बांगडीतून बघावं तेवढं दिसतं, तेही धूसर.

तुमच्या ठेवीची मुदत संपली म्हणून मागच्या आठवड्यात त्यांना घेऊन मी हिंगोलीला गेले. मला वाटायचं, वयानं थोडं कमी दिसतं. घरात त्या भिंतीला हात न लावता फिरतात, चूल पेटवतात, छकुलीला न्हाऊ घालतात. बँकेत साहेबानं सहीला कागद दिला. त्यांनी पेन घेतला आणि कागद सोडून टेबलावर सही केली. मी त्यांचं बोट धरून जागेवर ठेवलं. त्यांनी पुन्हा सही केली. साहेब म्हणाले, ही जुन्या सहीशी जुळत नाही. तिसऱ्यांदा केली. तीही जुळली नाही. साहेब चांगले होते, ओरडले नाहीत. त्यांनी हळूच शाईचा डबा पुढे केला आणि म्हणाले, "मावशी, अंगठा द्या, म्हणजे काम होऊन जाईल."

आत्यांनी हातातला पेन टेबलावर ठेवला. मग त्यांनी अंगठा दिला. शाई पुसायला मी पदर पुढे केला तर म्हणाल्या, राहू दे.

घरी येताना जीपमध्ये सगळं बोलल्या. शिबिराच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की हा काचबिंदू आहे, चष्म्याचं काम नाही. थेट नांदेडला जा, थेंब सुरू करा, उशीर केला तर गेलेलं परत येत नाही. ऑपरेशन फुकटात होईल, पण तपासण्या, जाणं-येणं आणि जन्मभराचे थेंब यांना पैसा लागेल. वरचं गाडगं माझ्या बाळंतपणात रिकामं झालं होतं. ताई, ते माझ्यामुळे रिकामं झालं होतं. मी विचारलं, "आत्या, खाली एवढे पैसे होते, ते काहून न्हाई काढले?" त्या म्हणाल्या, "ते लेकीचं बियाणं. दीड वर्षाचं तर होतं, म्हणलं डोळे तेवढी कळ काढतील."

मोहनसिंगकाकांनी त्यांना आराम दिला नव्हता. भाकरी जळायला लागल्या म्हणून काढलं होतं. मी दोन वर्षं त्यांच्या वाटेत तांब्या ठेवत राहिले आणि त्या अडखळल्या की मनात म्हणायचे, सासूची नाटकं.

दुसऱ्या दिवशी हे त्यांना नांदेडला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, डावीकडचं उरलेलं थेंबानं टिकेल कदाचित. एक बाटली तिथूनच मिळाली. ती संपली की पुढची विकत आणायची. आत्या म्हणतात, ठेवीच्या पैशाला हात लावायचा नाही, ते सपनाचे. तुम्हीच सांगा आता.

तुमची,
कोमल


पुणे
७ नोव्हेंबर २०२५

आई,

रात्रीच्या गाडीनं निघते आहे. पण तुझ्यासमोर आले की मला बोलता येणार नाही, म्हणून आधी हे लिहिते. कोमल, हे आईला जसंच्या तसं वाचून दाखव. माझी दया करून काही गाळू नकोस.

आई, ती बाई तू होतीस. तू मला एकच विचारलं होतंस, किती जातं. मी तुला दोन पानं उपदेश लिहिला आणि आकडा लिहिला नाही. आज मी तो मांडून बघितला. तेव्हा ठेव मोडली असती तर व्याजातले जेमतेम पाचशे रुपये गेले असते. तुझ्या एका आठवड्याच्या भाकरी. मुद्दलाला धक्काही लागला नसता. मी लिहिलं, मोडलं की व्याज जातं, आणि तुला वाटलं असेल काहीतरी फार मोठं जातं. रोज दहा बायकांना मी आकडे सांगते. तुला म्हणी सांगितल्या.

आणि मी हेही विचारलं नाही की त्या बाईला नड कसली आहे. कोणाला तरी विचारायला काय लागतं गं?

एप्रिलमध्ये मी तुझ्यासमोर बसले होते. तू माझं तोंड साठवून ठेवत होतीस आणि मी हसत होते. चहा जमिनीवर पडला तेव्हाही हसले. मला तुझे डोळे दिसले नाहीत, आई. माझे तर चांगले होते.

ऑफिसात सांगून आले आहे की मी आता वर्ग घेणार नाही. कोणत्या तोंडानं घेऊ. तुझं पत्र वाचून दाखवायचे मी, शाईच्या डब्याचं.

पैशाचं एकदाच सांगते. ते कधीच माझे नव्हते. मी आजीच्या उतरंडीचं सांगितलं, पण एक सांगायचं राहिलं. आजी बियाणं राखायची ते पेरायला माणूस घरात असायचा म्हणून. माणूसच राहिला नाही तर ते गाडगं कोणाला? थेंब त्यातूनच आणायचे. तू माझ्या पैशाचं पाणी पीत नसशील तर मीही तुझ्या हातची भाकर खाणार नाही. बघ, मीही तुझीच लेक आहे.

येते.

सपना


कनेरगाव नाका
१४ डिसेंबर २०२५

माझी सपना,

आईचा जयभीम. जेवून घे, मग वाच.

कोमलनं पुठ्ठ्याला फटी पाडून दिल्या आहेत, एका ओळीची एक. त्या फटीत पेन ठेवून लिहून राहिले. म्हणून ओळी सरळ आल्या आहेत. अक्षर कसं आलं ते तू बघ, मला सांगू नको.

तू आठ दिवस राहिलीस. त्यात एकदा बी माझ्यावर रागावली न्हाईस, ते मला आवडलं न्हाई. लेकीनं आईवर रागवावं. रोज रात्री माझ्या पायाशी बसून रडलीस. तुला वाटलं मी झोपले. कोमल म्हणते तसं, माझे कान तिखट आहेत.

तुझा काही दोष न्हाई म्हणले तर खोटं होईल, अन् आपण पत्रात खोटं बोललो म्हणूनच हे झालं. तू आकडा न्हाई सांगितला. मी खरं नाव न्हाई सांगितलं. दोघींचं सारखं. मला तकलीफ डोळ्याची कमी अन् पाटीची जास्त होते. पिवळ्यावर निळी. आता रंगवू नको. रंगवलीस तर मला सगळे वाचून दाखवतील, अन् ते मला सहन व्हायचं न्हाई.

वर्ग मात्र सुरू कर. सोडू नको. त्या बायांना आपलं सगळं सांग, डब्याचं बी अन् अंगठ्याचं बी. अन् कोणी विचारलं, ताई, मोडलं तर किती जातं, तर आधी आकडा सांग. मग तिचा हात धर अन् विचार, बाई, काहून मोडती. तिनं दुसऱ्या कोणाचं नाव सांगितलं तरी तिच्याच तोंडाकडं बघ.

छकुली आता पळते बी. माझं बोट धरून मला अंगणात नेते. घरातले सगळे तांबे, पाट आता भिंतीला लागून असतात.

नांदेडची बाटली परवा संपली. सुरज म्हणला, मी आणतो. मी म्हणले, न्हाई. खालच्या गाडग्यातून आण. त्यानं आणली. आज सकाळी कोमलनं तुझ्या पैशाचा पहिला थेंब माझ्या डोळ्यात घातला. लेकीचं खाल्लं मी, सपना. लई झोंबला. माझे डोळे भरून आले तर कोमल म्हणली, "आत्या, रडू नका, थेंब वाहून जाईल."

मग न्हाई रडले.

तुझी आई,
सोजराबाई सोनाजी